झेल

बाण खोटे होते. टोकाला गादीतल्यासारखा स्पंज, मुठीएवढा.
"लागला तरी लागत नाही," असं सांगणारा पोरगा
स्वतः मात्र जाळीच्या पलीकडे उभा.

हरिपूरच्या रस्त्याला, चिंचा विरळ होतात तिथे,
हळद काढून मोकळ्या झालेल्या रानात
हवा भरलेले लाल-पिवळे ढोल,
आणि त्यांच्याआड दडून बसलेलं
आमचं अख्खं कोल्ड स्टोरेज:
चौगुले साहेब, गुडघ्याला पट्टा,
रुखसाना मुजावर, ओढणीची कमरेला गाठ,
आणि नेमगोंडा,
जो बेदाण्याची पेटी एका हाताने थप्पीवर टाकतो
आणि धनुष्य उलटं धरून उभा होता.
पक्ष्याच्या डोळ्याचा विनोद एकदाच करायचा
असं गाडीतच ठरलेलं.
तीनदा झाला.

तोंडावर मुखवटा.
आत माझाच श्वास, सकाळच्या पोह्यांचा.

नियम सोपा: बाण लागला की बाद.
पण हवेतला बाण झेललात
तर मारणारा बाद,
आणि तुमचा एक मेलेला गडी परत आत.
कुठला, ते झेलणाऱ्याने सांगायचं.

आता शीतल खोतबद्दल.
दिवाळीच्या जावकीत चाळीस पेट्या
त्याच्या वहीत गेल्या,
माझ्या वहीत गेल्या नाहीत.
चौकशी झाली. फरक कागदावर मिटला.
तेव्हापासून एका टेबलावर जेवतो,
पण त्याची शेंगदाण्याची चटणी
रुखसानामार्फत माझ्याकडे येते
आणि डबा रुखसानामार्फत परत जातो.
चिठ्ठ्या टाकल्या तर तो निघाला
माझ्याच संघात.
पहिल्या दोन मिनिटांत बाद झाला.
बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

मग एकामागून एक सगळेच गेले.
उरले मी, एका पिवळ्या ढोलामागे,
अकरा वर्षं आवक, जावक, घट लिहिणारी बाई,
आणि समोरून साहेबांनी नेम धरला.

स्पंजाचा बाण हळू येतो.
इतका हळू, की विचार करायला वेळ मिळतो,
आणि तिथेच माणूस फसतो.
मी विचार केला नाही.
फळीवरून घसरलेली वाटी झेलावी
तसा झेलला.

रानभर आरडाओरडा. नाव! नाव घ्या!
जाळीपाशी रुखसानाने बूट चढवायलाही घेतले होते,
नेमगोंडा नुसता हसत होता,
आणि खोत, पालथ्या क्रेटवर बसून
तळहातावरची माती बघत होता.

"खोत!"

मुखवट्यात आवाज घुमला तेव्हा कळलं,
चार महिने हे नाव मी
नुसतं लिहीत होते.

त्याने छातीवर बोट ठेवून विचारलं, मी?
आणि पळत आला, वाकून, एक चप्पल मागे टाकून,
धनुष्य उचललं, दोरी कानापर्यंत ओढली,
आणि काट्यावरच्या अक्काताईंचा बाण
थप्प.
पाठीत.
दहा आकडेसुद्धा झाले नसतील.

जाताना माझ्याजवळ थांबला.
"फुकट घालवलंत मला."
"घट लिहू," मी म्हटलं.

हरलो. तर्रीवाली मिसळ साहेबांनी दिली,
तीही बिल दोनदा तपासून.

बाणाचं खरंच काही लागलं नाही.
दोरीचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.
डाव्या हाताला, मनगटाच्या वर,
सुटताना दर वेळी चाटून गेली होती.

सोमवारी नव्या हंगामाच्या पहिल्या गाड्या लागल्या.
खोत वही घेऊन खिडकीशी आला,
माझ्या हाताकडे बघून म्हणाला,
"कुठला माल?"
"आज काळा. बुधवारपर्यंत हिरवा होईल."
"आणि पिवळा?"
"शनिवारी. भाव बघून."

चाळीस पेट्यांचं काही निघालं नाही.
चटणी अजून रुखसानामार्फतच येते.
ती मध्ये बसते, म्हणून.